पांढरा सदरा नेमका कोणासाठी?

शंकेखोर : मधपेटी घरी आणली की पहिला उपदेश कपड्यांचा मिळतो. पांढरं घाला, काळं टाळा. का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं. अस्वल काळं असतं, माश्यांना पिढ्यान्‌पिढ्या अस्वलाचा जाच, तेव्हा काळं दिसलं की त्या तुटून पडतात. गोष्ट कानाला गोड लागते, म्हणून तिची उलटतपासणी कोणी करत नाही. मी करतो. अस्वल पोळं लुटायला येतं ते बहुतेक अंधार पडल्यावर. त्या वेळी त्याची लव काळी की करडी, हे माशीला कळणार कसं? दुसरा चोर हनी बॅजर, ज्याला चांदी अस्वल म्हणतात. त्याची पाठ डोक्यापासून शेपटीपर्यंत पांढुरकी. पांढऱ्या रंगानं माश्या निवल्या असत्या तर या प्राण्याला इतक्या जाड कातडीची गरज पडली नसती. आणि सगळ्यांत जुना, सगळ्यांत चिवट चोर आपणच. भीमबेटका आणि पचमढीच्या शैलचित्रांत पोळ्यातून मध काढणारी माणसं आहेत. ती काही पांढरे झगे घालून कड्यावर चढत नव्हती. माझं म्हणणं असं की पांढरा कपडा आला तो माणसाच्या सोयीनं. उन्हात कमी तापतो, मळ दिसतो, स्वस्त सुती कापड मिळतं. माशीला साक्षीदार म्हणून नंतर उभं केलं.

हौशी : अस्वल तुमचं तुम्हाला लखलाभ, मी त्याच्या बाजूनं बोलणारच नाही. माझा पुरावा माशीच्या डोळ्यात आहे. म्यूनिकच्या कार्ल फॉन फ्रिश यांनी 1914 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग घ्या. टेबलावर करड्या रंगाच्या फिक्यापासून गडदपर्यंत वेगवेगळ्या छटांचे कागद मांडले, मधोमध एक निळा. निळ्यावर साखरपाणी. माश्या शिकल्या. मग साखरपाणी काढून घेतलं, कागदांच्या जागा बदलल्या, तरी माश्या निळ्यावरच. एखादी करडी छटा निळ्याइतकीच उजळ असणार, तिथे त्या फसायला हव्या होत्या, फसल्या नाहीत. म्हणजे त्यांना रंग दिसतो. हाच खेळ लाल कागदाशी केला तेव्हा मात्र त्या लाल आणि काळ्यात गफलत करू लागल्या. पुढे कामकरी माशीच्या डोळ्यात तीन तऱ्हेच्या प्रकाशपेशी सापडल्या. एक अतिनील किरणांना सर्वाधिक प्रतिसाद देते, 344 नॅनोमीटरच्या आसपास. दुसरी निळ्याला, 436. तिसरी हिरव्याला, 544. लाल रंगाच्या टोकाशी तिच्याकडे पेशीच नाही. आता गडांवर जाणाऱ्यांना आपण काय सांगतो? आग्या मोहोळ आहे, भडक कपडे घालू नका. भडक कोणाला? तुमच्या डोळ्यांना लाल टी-शर्ट भडक आणि पिवळाही भडक. माशीच्या लेखी पिवळा उजळ असतो आणि लाल हा जवळजवळ काळा. माणसाच्या डोळ्यांनी माशीसाठी कपडे निवडले की असा घोळ होतो. डोळा समजून घेतला तर निवड सुधारते, एवढंच माझं म्हणणं.

शंकेखोर : एवढंच नाही, बरंच जास्त म्हणताय तुम्ही. फ्रिशच्या टेबलावर आलेली माशी कोण होती? भुकेली, साखरेच्या मागे लागलेली, पोळ्यापासून लांब आलेली. ती चिडलेली नव्हती. तिला कोणाला डंख मारायचा नव्हता. रानात फुलावर बसलेल्या माशीजवळून तुम्ही काळा कोट घालून गेलात तरी ती ढुंकून बघत नाही. पेटीच्या दारात पहारा देणारी माशी वेगळी, तिचं काम वेगळं. चारा शोधणाऱ्या माशीच्या डोळ्यांचा अभ्यास करून आपण चिडलेल्या माशीसाठी कपडे शिवतो आहोत. तिला काय दिसू शकतं हे तुम्ही सिद्ध केलंत. त्यातलं ती कशाची दखल घेते, हे कुठे सिद्ध झालं? फ्रिशचे विरोधक कार्ल फॉन हेस आठवा. म्यूनिकमधलेच, नेत्रतज्ज्ञ. त्यांनी माश्या अंधाऱ्या पेटीत सोडल्या आणि वर्णपटाचे वेगवेगळे पट्टे दाखवले. माश्या ज्या पट्ट्याकडे झेपावल्या तो रंगांध माणसाला सर्वांत उजळ दिसणारा पट्टा. त्यावरून हेस म्हणाले, माश्या रंगांध आहेत. इतिहासात हेस हरले, फ्रिश यांना 1973 मध्ये नोबेल मिळालं. पण हेस यांचा प्रयोग खोटा नव्हता. सुटकेसाठी धडपडणारी माशी खरोखरच रंगाकडे बघत नाही, उजेडाकडे बघते. त्याच माशीचा तोच डोळा, पण काम बदललं की वापर बदलतो. मग रागात आलेली माशी फ्रिशची की हेसची?

हौशी : हा प्रश्न मला मान्य आहे, आणि याचं थोडं उत्तर आहेही. 2022 मध्ये तिरुवनंतपुरमच्या आयसरमधल्या संशोधकांनी आग्या माश्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. आग्या मोहोळावर गांधीलमाशी आली की पोळ्यावरच्या माश्या एकामागून एक पोट उचलतात आणि पडद्यावरून लाट सरकल्यासारखी दिसते, हे तुम्ही पाहिलं असेल. संशोधकांनी पोळ्यासमोर गोल चकत्या हलवल्या. लहान, मोठ्या, गडद, फिक्या. मागची पार्श्वभूमी कधी उजळ, कधी गडद. लाट उठली ती सर्वांत गडद चकती उजळ पार्श्वभूमीवर हलली तेव्हाच. उलट केलं, म्हणजे गडद पार्श्वभूमीवर फिकी चकती फिरवली, तर काही नाही. पुन्हा पुन्हा दाखवूनही माश्या सरावल्या नाहीत. आणि तुमच्या प्रश्नाला थेट भिडणारी गोष्ट पुढे आहे. चारा शोधताना आग्या माशीला एखादी वस्तू ओळखू यायला ती डोळ्याशी सुमारे 5.7 अंशांचा कोन करणारी हवी. धोक्याच्या वेळी 1.6 ते 3.4 अंशांची वस्तूही पुरली. म्हणजे पोळं राखणाऱ्या माशीची नजर चारा शोधणारीपेक्षा तीक्ष्ण ठरली. तुम्ही म्हणालात की काम बदललं की डोळ्याचा वापर बदलतो. अगदी बरोबर. फक्त तो बदल माझ्या बाजूनं झाला.

शंकेखोर : तुमच्या बाजूनं? बघू या. एक म्हणजे ती आग्या माशी. तिचं पोळं उघड्या आभाळाखाली, कड्याला नाहीतर उंच फांदीला लटकलेलं. तिच्याकडे येणारी प्रत्येक गांधीलमाशी, प्रत्येक मधुबाज आभाळाच्या उजेडावर काळा ठिपका म्हणूनच दिसणार. तिनं गडद ठिपक्याला घाबरणं साहजिक आहे. आपल्या पेट्यांत असते सातेरी. ती झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत राहणारी. दुसरं, लाट म्हणजे डंख नव्हे. तो इशारा आहे, हल्ला नव्हे. तिसरं, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, त्या प्रयोगानं काळा रंग वाईट ठरला नाही, गडद आणि उजळ यांच्यातला फरक वाईट ठरला, तोही एकाच दिशेनं. महाबळेश्वरच्या हिरड्या-जांभळांच्या गर्द सावलीत पेटी ठेवली असेल, तर पांढरा सदरा घालून उभा राहिलेला माणूस तिथे सगळ्यांत ठळक दिसतो.

हौशी : ठळक, पण उजळ ठळक. प्रयोगात त्याचीच तर दखल घेतली गेली नाही.

शंकेखोर : आग्या माशीनं घेतली नाही, आणि तीही दिवसा. रात्रीचं काय? मलेशियातले मध काढणारे तुआलांग झाडावर अमावास्येच्या सुमाराला, काळोख्या रात्री चढतात, आणि पेटत्या मशालीनं फांदीवर ठोके देत ठिणग्यांचा पाऊस खाली पाडतात. माश्या त्या ठिणग्यांमागे जमिनीकडे झेपावतात आणि वर माणूस मोकळा होतो. तिथे गडद माणूस वाचतो, हलणारा उजेड मार खातो. दिवसाचा नियम रात्री उलटा झाला. मग कपड्यांचा नियम म्हणून तुम्ही काय लिहून देणार? पेटी कुठल्या जातीची, सावलीत की उन्हात, किती वाजता उघडणार, हे सगळं विचारून मग रंग सांगणार? आणि आपल्या डोंगरांतला एक सल्लाही ऐका. मोहोळ उठलं की पळू नका, घोंगडी अंगावर ओढा आणि निपचित पडून राहा. घोंगडी म्हणजे काय? काळी, खरखरीत, मेंढीच्या लोकरीची, मेंढीच्या वासाची. तुमच्या पुस्तकातल्या प्रत्येक नियमाच्या विरुद्ध. तरी तो सल्ला देणारे मूर्ख नाहीत.

हौशी : नाहीतच. घोंगडी झाकते आणि तिच्याखालचा माणूस हलत नाही, म्हणून ती उपयोगी पडते. यातून रंग निरुपयोगी ठरत नाही, हालचाल रंगापेक्षा मोठी ठरते. तेही डोळ्याचंच काम आहे की! चित्रपटगृहात सेकंदाला 24 चित्रं गेली तरी आपल्याला ती सलग वाटतात. माशीला सेकंदाला 200 च्या आसपास लुकलुक वेगवेगळी कळते. हात झटकलात की त्या झटक्याचा प्रत्येक तुकडा तिला दिसतो. रेषा मात्र तिला फार ढोबळ दिसतात. तिच्या डोळ्यातल्या हजारो नेत्रिका साधारण एकेका अंशाच्या अंतरावर जग टिपतात. तीन मीटरवरून एक अंश म्हणजे सुमारे पाच सेंटिमीटर. म्हणजे तुमचा चेहरा तिच्या लेखी आडवे तीन-चार ठिपके, आणि सदऱ्यावरच्या बारीक चौकड्या तर विरघळून एकच रंग होणार. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा सदरा तुमच्यासाठी चौकड्यांचा, तिच्यासाठी करडा.

आता रंगाकडे येतो, कारण इथे गंमत आहे. सातेरीची मावसबहीण म्हणावी अशी युरोपीय माशी, मेलिफेरा. तिला शिकवून केलेल्या प्रयोगांत दिसलं की वस्तू डोळ्याशी 15 अंशांपेक्षा मोठा कोन करत असेल तरच ती रंग वापरते. 5 ते 15 अंशांच्या दरम्यान फक्त हिरव्या पेशीचा उजेड-काळोख मोजते. त्याखाली काहीच नाही. हालचाल टिपणारी यंत्रणासुद्धा याच हिरव्या पेशींवर चालते, तिला रंग कळत नाहीत. हे माणसाच्या मापाला लावून बघा. छातीची रुंदी अर्धा मीटर धरली तर 15 अंशांचा कोन होतो जेमतेम दोन मीटरवर, आणि 5 अंशांचा पावणेसहा मीटरवर. म्हणजे पेटीपासून दोन मीटरांच्या पलीकडे तुमच्या सदऱ्याला रंगच नाही. हिरव्या पेशीला तो किती उजळ, एवढाच त्याचा हिशेब. या हिशेबात पांढरा, पिवळा, फिकट खाकी सगळे पास. काळा, गडद निळा आणि लाल नापास.

शंकेखोर : म्हणजे पांढऱ्याची सक्ती तुम्हीच मोडलीत.

हौशी : मोडली. आणि पुढेही जातो. आपला पांढरा हा माशीचा पांढरा नसतोच. तिला पांढरं दिसायचं तर कापडानं अतिनील, निळा, हिरवा तिन्ही सारखे परतवायला हवेत. आपण काय करतो? सदरा टिनोपॉलमध्ये बुडवतो. टिनोपॉलसारखी द्रव्यं अतिनील किरण शोषतात आणि त्याबदल्यात निळा उजेड बाहेर टाकतात, साधारण 440 नॅनोमीटरच्या आसपास. हा आकडा माशीच्या निळ्या पेशीच्या 436 ला जवळजवळ चिकटतो. आपल्याला वाटतं, काय शुभ्र! जवळ आलेल्या माशीसमोर मात्र अतिनील गायब झालेला, निळसर झळाळणारा कपडा उभा असतो. हल्ली धुण्याच्या पावडरींतही असली द्रव्यं सर्रास असतात, त्यामुळे वेगळं टिनोपॉल न घालणाऱ्याचा सदराही यातून सुटत नाही. चमक न दिलेलं सुती कापड अतिनीलचा काही भाग परतवतं, त्यामुळे त्याचा रंग तिला वेगळा. माणसाला दोन्ही पांढरे, माशीला दोन रंग. दुकानदार ज्याला शुभ्र म्हणून विकतो त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा?

शंकेखोर : थांबा. हे सगळं सुंदर आहे, पण त्यानं फरक काय पडतो? आताच तुम्ही म्हणालात की दोन मीटरांपलीकडे रंग नाही. दोन मीटरांच्या आत पेटी उघडून बसलेला माणूस असतो. त्याच्या हातून चौकट निसटते, एखादी माशी चिरडते, नाहीतर त्याचा श्वास थेट पोळ्यावर पडतो. इथे डोळ्याला कोण विचारतो? नांगी रुतली की त्यातून धोक्याचा गंध सुटतो. त्यातलं मुख्य द्रव्य आयसोअमाइल ॲसिटेट, हे 1962 मध्ये ओळखलं गेलं. त्याला पिकल्या केळ्यासारखा वास येतो. नांगी माशीच्या अंगातून सुटून कापडात राहते, विषाची पिशवी आकसत राहते, आणि वास तिथेच दरवळत राहतो. पुढच्या माशीला आता रंग बघायची गरज उरत नाही, पत्ता मिळालेला असतो. मधपाळाच्या हातमोज्यांवर अशा जुन्या नांग्यांचा थर साचतो. शुभ्र पण न धुतलेला हातमोजा आणि धुतलेला काळा हातमोजा यांत मी डोळे मिटून काळा निवडीन. धूर का देतो आपण? 1995 च्या एका अभ्यासात दिसलं की धुरानं माशीच्या मिशांची या गंधाला असलेली संवेदना मंदावते आणि दहा-वीस मिनिटांत परत येते. डोळ्यांवर धुराचा इलाज नाही, नाकावर आहे, आणि सगळ्या जगात मधपाळ धूरच देत आले. हजारो वर्षांचा हा अनुभव कुठल्या इंद्रियाकडे बोट दाखवतो?

हौशी : नाकाकडे, मान्य. पण दोन गोष्टी वेगळ्या करू या. भांडण सुरू कशानं होतं ही एक, आणि वार कुठे पडतो ही दुसरी. भांडण गंधानं, धक्क्यानं, श्वासानं सुरू होत असेल. पण पोळ्यावरून उठलेल्या माशीला हवेत लक्ष्य शोधावं लागतं आणि ते ती डोळ्यानं शोधते. डंख कुठे बसतात ते आठवा. डोळ्यांभोवती, केसांत, भुवईपाशी, घड्याळाच्या काळ्या पट्ट्याजवळ, गडद मोज्यांवर. सदरा फिकट असला की त्यावर जे काही गडद आहे ते उठून दिसतं. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड संशोधन केंद्राच्या जॉन फ्री यांनी 1961 मध्ये डंखाला कारण होणाऱ्या गोष्टी एकेक करून तपासल्या होत्या. हालचाल, गडदपणा, खरखरीत पोत, प्राण्याचा वास आणि आधीच्या डंखाचा वास, सगळ्यांचा वाटा निघाला. गंध सर्वांत मोठा असेल, पण गडदपणा त्या यादीत आहे. ब्राझीलमध्ये 1950 च्या दशकात आफ्रिकी माश्या आणल्यानंतर जी तापट संकरित प्रजा पसरली, तिचा तापटपणा मोजायला संशोधक पेटीच्या दारासमोर काळ्या चामड्याचा गोळा हलवायचे आणि त्यात रुतलेल्या नांग्या मोजायचे.

शंकेखोर : काळ्या! गोळा काळाच का?

हौशी : काळ्याला जास्त डंख बसतात म्हणून.

शंकेखोर : मग त्या गोळ्यानं माश्यांचा तापटपणा मोजला, रंगाचा परिणाम नाही. रंगाचं उत्तर आधीच गृहीत धरून गोळा शिवला गेला. फ्री यांच्या यादीबद्दल मी तक्रार करत नाही, त्यांनी निदान एकेक गोष्ट वेगळी करायचा प्रयत्न केला. पण पुढे झालं असं की गडद म्हणजे वाईट हे ठरलं, आणि नंतरची साधनं त्याच समजुतीवर उभी राहिली. मधपाळांच्या अनुभवाचंही तेच. पांढरा पोशाख घालणारा माणूस धूर देतो, हळू हालतो, कडक उन्हाची निवांत वेळ निवडतो. गडद कपड्यातला म्हणजे बघायला आलेला पाहुणा. तो घाबरलेला, घामेजलेला, अत्तर लावलेला, हात झटकणारा. त्याला डंख बसला की आपण म्हणतो, बघा, काळा शर्ट! यात शर्टाचा वाटा किती, हे कोणी वेगळं काढलेलं मी पाहिलेलं नाही.

हौशी : ही शंका रास्त आहे, पण मग तुम्हाला तुमच्याच पोशाखातला एक विरोधाभास समजावून द्यावा लागेल. चेहऱ्यावरची जाळी. ती काळीच असते. डोक्यापासून पायापर्यंत पांढरं आणि नेमकी तोंडापुढे काळी चौकट. ती काळी का, तर काळ्या जाळीतून आपल्याला स्पष्ट दिसतं. पांढरी जाळी उन्हात चकाकते आणि तिच्या आडून चौकटीतली अंडी दिसत नाहीत. म्हणजे इथे मधपाळानं माशीच्या डोळ्याविरुद्ध स्वतःच्या डोळ्याला झुकतं माप दिलं. आणि चिडलेल्या माश्या धडका देतात त्या बहुतेक जाळीवरच.

शंकेखोर : श्वास तिथून बाहेर पडतो.

हौशी : आणि काळीही तीच आहे. तुम्ही श्वास म्हणाल, मी रंग म्हणेन. दोन्ही एकाच जागी असल्यामुळे दोघांनाही आपलंच खरं वाटत राहणार.

शंकेखोर : खरं तर तुमच्या डोळ्यांच्या हिशेबातून रंगापेक्षा उपयोगी एक गोष्ट निघते, ती तुम्ही सोडून दिलीत. सातेरीचा पहारा पेटीच्या दारात असतो. पाठीमागे अंधार, समोर उजेड. दारासमोर उभा राहिलेला माणूस तिला आभाळाच्या उजेडावर दिसतो. आता आभाळाच्या तुलनेत सावलीत उभ्या माणसाचा पांढरा सदराही गडदच. उजेड पाठीमागून येत असेल तर टिनोपॉल, खाकी, काळा सगळं एकच, नुसती सावली. तुमच्या आग्या माश्यांचा प्रयोग मला पटला तर त्यातून कपड्याचा रंग निघत नाही, उभं राहायची जागा निघते. पेटीच्या दारासमोर उभे राहू नका, बाजूनं किंवा मागून काम करा. हे मधपाळ फार पूर्वीपासून सांगतात. कारण मात्र ते वेगळं देतात, माश्यांची ये-जा अडते म्हणून.

हौशी : आणि समोरच उभं राहावं लागलं, तर ऊन आपल्या अंगावर पडेल असं.

शंकेखोर : तेव्हा कुठे तुमच्या फिकट रंगाला काही अर्थ येतो. सूर्य कुठे आहे हे ठरल्याशिवाय सदऱ्याचा रंग ठरत नाही. पुस्तकं मात्र रंग आधी सांगतात.

हौशी : मग सूर्य, सावली आणि वास एकेक बाजूला काढून प्रयोग करावाच लागेल. मी असा मांडतो. एकाच थानाचं सुती कापड. त्याचे सारख्या मापाचे गोळे. एक काळा रंगवलेला, एक लाल, एक खाकी, एक टिनोपॉलचा पांढरा, एक बिनचमकीचा पांढरा. लाल का, तर माणसाला तो भडक आणि माशीला काळा. लालला काळ्याइतकेच डंख बसले तर डोळ्याचा वाटा नाकारता येणार नाही. दोन पांढरे का, तर हिरव्या पेशीला ते जवळजवळ सारखे, अतिनील पेशीला वेगळे. त्यांत फरक पडला तर चिडलेली माशी रंग बघते असं म्हणता येईल, नाही पडला तर ती हेसची माशी. प्रत्येक डंखानंतर गोळा बदलायचा, म्हणजे पहिल्या डंखाचा वास दुसऱ्याला बोलावणार नाही. निम्म्या वेळा मागे पांढरी चादर, निम्म्या वेळा गडद झाडी. सातेरीच्या पेट्या वेगळ्या, मेलिफेराच्या वेगळ्या.

शंकेखोर : चांगला आहे, पण काळ्या रंगाला स्वतःचा वास असतो. लालला वेगळा, टिनोपॉलला वेगळा. गंधावर जगणाऱ्या प्राण्यापुढे तुम्ही पाच रंग म्हणून पाच वास टांगले आहेत.

हौशी : महिनाभर साध्या पाण्यात धुऊन उन्हात वाळवीन.

शंकेखोर : तुमच्या नाकाला वास गेला असं वाटेल. तिच्या नाकाचं तुम्ही कसं ठरवणार? आणि इतकं धुतलं की टिनोपॉलही जाईल.

हौशी : मग गोळा पारदर्शक डब्यात बंद करतो. रंग दिसेल, वास बाहेर येणार नाही.

शंकेखोर : डबा कशाचा? पॉलिकार्बोनेट अतिनील अडवतं, दोन पांढऱ्यांतला फरकच पुसला जाईल.

हौशी : क्वार्ट्झचा घेऊ. महाग पडेल, पण अतिनील आत जाऊ देतो.

शंकेखोर : आणि क्वार्ट्झमध्ये नांगी रुतत नाही. मग मोजणार काय?

हौशी : धडका. डब्यावर आपटलेल्या माश्या मोजीन.

शंकेखोर : धडक देणारी प्रत्येक माशी डंख मारत नाही. जाळीवर आपटून परत जाणाऱ्या माश्या तुम्ही रोज बघता. त्या धमकावतात आणि निघून जातात. धडका काळ्यावर जास्त निघाल्या तर एवढंच कळेल की धमकी कोणाला द्यायची हे ती डोळ्यानं ठरवते. नांगी कोणाला द्यायची, हे कुठे कळलं?

हौशी : निदान धमकीपुरता डोळ्याचा वाटा तरी पक्का होईल. आणि जाळीवर येणाऱ्या त्या धडकांत श्वास किती, काळेपणा किती, हेही त्याच डब्यानं सुटेल. डब्याला श्वास नाही.

शंकेखोर : डब्याला एक नळी जोडा आणि त्यातून फुंकर मारा. निम्म्या वेळा फुंकर, निम्म्या वेळा नाही. तेवढं केलंत तर मी नळी धरून बसायला येतो.

हौशी : काय घालून याल?

शंकेखोर : पांढरंच. त्यावर चढलेली माशी मला लांबून दिसते, खाकीवर दिसत नाही.